ध्येय राहू द्या, संध्याकाळी साडेसहाला काय करता ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, खासगी कंपनीत नोकरी. दारू सोडण्यासाठी ३५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, घरी येऊन ५२ दिवस झाले. पीत नाही, पण दिवस पोकळ जातात. कामावरून आलो की काय करावं सुचत नाही. बायको अजून जवळ येऊन तोंडाचा वास घेते. आई कुठली तरी पावडर आणून चहात घालायची म्हणते. सगळे सांगतात, आयुष्यात काहीतरी ध्येय ठेव, जिद्दीनं जग. मला ध्येयच सापडत नाही. रोजचा दिवस अर्थपूर्ण कसा करायचा?

आधी हिशोब दुरुस्त करू. तुमचे ५२ नाही, ८७ दिवस झाले. केंद्रातले ३५ बहुतेक जण धरत नाहीत, कारण तिथं फाटकाला कुलूप होतं, त्यात आपलं काय कर्तृत्व, असं वाटतं. पण त्या ३५ दिवसांत अंग थरथरत असताना तुम्ही पळून गेला नाहीत. धरा तेही.

मी चौदा वर्षं प्यायलो. पिंपरीत लेथवर टर्नर होतो, त्या पायी दोन नोकऱ्या गेल्या. २००१ च्या ऑगस्टपासून बंद आहे, आणि पुढची बरीच वर्षं याच क्षेत्रात समुपदेशक म्हणून गेली. म्हणजे तुमचा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे.

पोकळ वाटण्याबद्दल पहिल्यांदा बोलतो, कारण तिथं माणसं उगाच स्वतःला दोष देत बसतात. वर्षानुवर्षं रोज दारू पोटात गेली की मेंदू आपली आनंद वाटण्याची यंत्रणा तिच्या हिशोबानं लावून घेतो. दारू थांबली म्हणून ती लगेच पूर्ववत होत नाही. काही आठवडे, कित्येकांना काही महिने लागतात. तोवर झोप तुटक लागते, मटणाच्या रश्श्याला चव लागत नाही, भारतानं मॅच जिंकली तरी आत काही हलत नाही, पोरगं येऊन गळ्यात पडलं तरी आपण कोरडेच. याच काळात माणूस म्हणायला लागतो की आपल्या जगण्यात अर्थच नाही. तेव्हा जगण्याबद्दलचे मोठे निकाल एवढ्यात देऊ नका. अजून शरीर सावरतंय.

मात्र एक तपासून घ्या. दोन आठवडे सलग मन खचलेलं असेल, अंथरुणातून उठवत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो नुसता हा काळ नाही. दारूच्या मागं नैराश्य लपलेलं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्याला औषध आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. रात्री-अपरात्री फारच वाटलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि मराठीतही बोलतात.

आता ध्येय. तुम्हाला ते सापडत नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. पहिल्या खेपेला दारू सोडली तेव्हा मला फार लवकर सापडलं होतं. शंभर पानी वही घेतली आणि पहिल्याच पानावर लिहिलं: तीन वर्षांत स्वतःचं वर्कशॉप, सगळी उधारी फेडायची, धाकट्या बहिणीचं लग्न थाटात, रोज पाच किलोमीटर पळायचं. बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. मग रोज रात्री मी त्या पानाशी आपला दिवस ताडून बघायचो. आज काय झालं? कामावर गेलो, आलो, जेवलो. वर्कशॉप कुठं आहे? पळणं कुठं आहे? चांगला गेलेला दिवससुद्धा त्या पानापुढं नापास व्हायचा. सत्तराव्या दिवशी मी प्यायलो. त्या दिवशी दुःख नव्हतं, भांडण नव्हतं. रोज नापास होण्याचा कंटाळा आला होता, बस.

म्हणून माझ्याकडं येणाऱ्याला मी पहिलं वर्ष ध्येय ठेवू देत नाही. आपल्याकडं सांगायची रीत उलटी आहे. ध्येय सापडलं की दिवस आपोआप रांगेला लागतो म्हणतात. मी पाहिलेल्या माणसांत आधी दिवस रांगेला लागला, मग कधीतरी वर्ष-दोन वर्षांनी ध्येय म्हणावं असं काहीतरी मागून आलं. काहींना आलंही नाही, आणि तेही मजेत आहेत.

शपथेचंही तसंच. तुमच्या प्रश्नात नाही, पण तुम्ही घेतलीच असेल, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून. आपण सगळ्यांनी घेतली. आपल्याकडं श्रावण पाळणारे पुष्कळ आहेत. गटारीला उरापोटी पितात, महिनाभर थेंबाला शिवत नाहीत आणि मग सांगतात, बघा, मनात आणलं की सोडतो. मीही सलग सहा श्रावण पाळले. महिना पाळता येतो, कारण शेवटची तारीख माहीत असते. जन्मभराची शपथ घेतली की तारीखच नाही, आणि जन्मभर हा शब्द ऐकला की घसा कोरडा पडतो. माळ घातलेल्यांची दारू सुटलेली मी बघितली आहे, खूप बघितली आहे. पण नीट पाहिलं तर नुसती गळ्यातली माळ काम करत नाही. माळेबरोबर रोजचा हरिपाठ येतो, एकादशी येते, दिंडीतली माणसं येतात. एखादा नाही आला तर टाळ कमी पडतो आणि कुणीतरी विचारतं, आज कुठं होतात माऊली? ज्यानं घरच्या घरी माळ घातली आणि त्या माणसांत गेला नाही, तो बऱ्याचदा माळ खुंटीला लावून परत बसतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटात ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात, ते तुम्ही केंद्रात ऐकलं असेल. त्यामागची गोष्ट कुणी सांगितली का माहीत नाही. १९३५ चा मे महिना, अमेरिकेत ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन गाव. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, धंद्याच्या कामासाठी तिथं आलेला. काम फिसकटलं. खिशात पैसे नाहीत, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा. एका बाजूला बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडं गेला आणि गावातल्या पाद्र्यांना फोन करत सुटला, की मला एखादा दारुडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. फिरत फिरत निरोप पोचला डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या सर्जनपर्यंत. पंधरा मिनिटं देतो म्हणून डॉक्टर आले आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. बिलला त्या दिवशी कुणाचा उद्धार करायचा नव्हता. त्याला ती संध्याकाळ काढायची होती, आणि ती एकट्यानं निघत नाही एवढं त्याला कळलं होतं. पुढं डॉक्टर एकदा घसरले, परिषदेला गेले तिथं प्यायले. परत आले आणि १० जून १९३५ ला त्यांनी शेवटची घेतली. त्याच तारखेला अ‍ॅल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात मानतात.

माझी टेलिफोनची बाजू म्हणजे चहा. दुसऱ्या खेपेला मी याच गटाच्या मीटिंगला जायला लागलो ते महापालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात, दर गुरुवारी साडेसातला. दुसऱ्याच गुरुवारी तिथले एक जुने मेंबर, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मला म्हणाले, “पुढच्या वेळेपासून चहा तुझ्याकडं.” मी म्हणालो, “काका, माझं काही खरं नाही, येईन न येईन.” ते म्हणाले, “नको येऊ. तीस माणसं बिनचहाची बसतील, एवढंच होईल.” आणि चावी हातात ठेवून निघून गेले.

रॉकेलचा स्टोव्ह होता, पिन मारल्याशिवाय पेटायचा नाही. दीड लिटर दूध, तेवढंच पाणी, पाव किलो साखर. किसणी नव्हती म्हणून आलं मी पक्कडीच्या मुठीनं ठेचायचो. हात अजून थरथरायचे, कपात कमी आणि बशीत जास्त जायचा, पण कुणी एका शब्दानं बोललं नाही. चौथा की पाचवा गुरुवार असेल. त्या दिवशी सुपरवायझरनं सगळ्यांदेखत झाडलं होतं. सव्वासहाला मी गुत्त्याच्या कोपऱ्यावर उभा. पाय तिकडं वळलेलेच होते. तेवढ्यात हाताला गार लागलं. डेअरीतून घेतलेल्या दुधाच्या तीन पिशव्या. उकाडा मरणाचा, आत जाऊन बसलो तर दूध नासणार. मी परत फिरलो. देव आठवला नाही, मुलं आठवली नाहीत, शपथ तर नाहीच नाही. दूध नासेल म्हणून मी वाचलो, हे मी बारा वेळा सांगितलंय आणि लोक बारा वेळा हसलेत.

तर तुमच्यासाठी मला ध्येय शोधायचं नाही, दूध शोधायचंय. तुम्ही नाही गेलात तर दुसऱ्याचं काहीतरी अडेल असं एखादं बारकं काम, ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळेला. ते मोठं नसलेलंच बरं. माझ्याकडचे एक रिक्षावाले शेजारच्या आंधळ्या आजोबांना रोज संध्याकाळी सातला देवळात नेऊन आणायचे. आजोबा सव्वासहालाच सदरा घालून उंबऱ्यावर बसायचे. एका मुलानं सोसायटीच्या पंपाची वेळ पत्करली होती, साडेसहा ते सव्वासात. नाही सुरू केला तर चाळीस घरांतून शिव्या. दोघांचं छान चाललंय. ज्यांनी “आता मी समाजासाठी जगणार” म्हणून चाळिसाव्या दिवशी दुसऱ्यांची दारू सोडवायला घेतली, त्यांतले निम्मे-अधिक माझ्याकडं परत भरती झाले. ती घाई करू नका. ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम मारून स्वतःला कामात गाडणंही नको. ती थकलेली रात्रच घात करते.

वेळ मुद्दाम संध्याकाळची सांगतोय. तुम्ही लिहिलंय की कामावरून आलो की सुचत नाही. सकाळी कुणालाच अडचण नसते. सहा ते नऊ हे तीन तास आपण इतकी वर्षं एकाच गोष्टीसाठी राखून ठेवले होते, आता ती जागा मोकळी आहे आणि मोकळ्या जागेला अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही. आजच कागद घ्या आणि पुढच्या सात संध्याकाळी लिहून काढा. ‘वाचन करणार’ असलं काही नको. ‘मंगळवार, साडेसहा, मुलाला घेऊन सायकलचं पंक्चर काढायला’ असं लिहा. त्यात जागा हवी, वेळ हवी आणि जमलं तर माणूस हवं. हातांना काम देणारं असेल तर उत्तम. पुण्यात डॉ. अनीता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्यातले अनिल अवचट स्वतः ओरिगामी करायचे, बासरी वाजवायचे, लाकडात कोरायचे, हे बहुतेकांना माहीत आहे. आम्हा व्यसनी लोकांच्या डोक्याला हातांइतका चांगला पहारेकरी दुसरा नाही. मी स्वतः घरातल्या सगळ्या खुर्च्यांची वेतं विणली, मग शेजाऱ्यांच्या.

कामावरून निघण्याआधी काहीतरी खा. चणे-फुटाणे, पोहे, केळं, काहीही. पोट रिकामं, डोक्यात राग, जोडीला कुणी नाही आणि अंग मोडून आलेलं, या चारांतले दोन एकत्र आले की तलफ येतेच. आली तर एवढं लक्षात ठेवा की ती चढत चढत कायमची वर राहत नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, मग उतरते. तेवढा वेळ जागा बदलायची आणि कुणाला तरी फोन लावायचा. फोनवर शहाणपणाचं बोलावं लागत नाही. मी त्या कंडक्टर काकांना “काय जेवलात” विचारायचो आणि ते समजून जायचे. रस्ता बदला, दहा मिनिटं लांबून जावं लागलं तरी. पूर्वी आम्ही सांगायचो, खिशात वीसच रुपये ठेव. आता फोनमध्येच बँक असते, म्हणून यूपीआयची रोजची मर्यादा पाचशेवर आणून ठेवा आणि पगाराचं खातं बायकोच्या हवाली करा. कमीपणा वाटेल. वाटू द्या.

बायकोचं. ती वास घेते तेव्हा तुम्हाला आत कुठंतरी झोंबतं. माझीही घ्यायची, सव्वा वर्ष घेत होती. मी एकदा भडकून म्हणालो, अजून किती दिवस? ती शांतपणे म्हणाली, “चौदा वर्षं धरलीत का हिशोबात?” तेव्हापासून मी दारातून आत आलो की आधी तिच्यासमोर उभा राहायचो, घे बाई म्हणून. तिच्याकडून विश्वास मागू नका, कौतुक तर नकोच. तुम्ही दिलेले शब्द इतके फुटलेत की आता ‘कधीच पिणार नाही’ या वाक्याला तिच्या लेखी काही किंमत नाही. पण “साडेसातला येतो” म्हणालात आणि सात पंचवीसला दारात दिसलात, येताना सांगितलेली कोथिंबीर आणलीत, तर ते तिच्या डोळ्यांना दिसतं. असे शंभर-दोनशे बारीक शब्द पाळून झाले की एके दिवशी ती वास घ्यायला विसरते. विसरली हेही तुम्हाला दोन दिवसांनी कळतं. तिलाही बोलायला जागा हवी. १९५१ पासून अल्-अनॉन हा गट आहे, फक्त घरच्या माणसांसाठी, पिणाऱ्यांसाठी नाही. जवळपास असेल तर तिला सांगून ठेवा. ढकलू नका.

आईला मात्र आजच थांबवा, जमल्यास हे उत्तर वाचून दाखवा. बाजारातल्या बेनामी पावडरीत काय असतं ते विकणारालाही माहीत नसतं. डॉक्टरांकडचं डायसल्फिराम असेल तर ते चांगलं औषध आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तरच. ते पोटात असताना दारू गेली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जिवावरही बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. चहातून चोरून दिलेल्या औषधानं माणूस बरा होण्यापेक्षा अतिदक्षता विभागात पोचायचीच शक्यता जास्त. घ्यायचंच ठरलं तर डॉक्टरांना विचारून, उघडपणे, आईच्या हातून घ्या. त्या माउलीला काहीतरी केल्याचं समाधानही मिळेल.

घसरलात तर? अशुभ बोलत नाही, डॉक्टर बॉबही घसरले होते. त्याच रात्री कुणाला तरी सांगा, ‘उद्यापासून’ करत आठवडा जाऊ देऊ नका. आणि दिवसच्या दिवस भरपूर पिणं झालं असेल तर घरीच खोलीत कोंडून एकदम बंद करायला जाऊ नका. त्या पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचे असतात.

तुमचा मूळ प्रश्न, अर्थपूर्ण दिवस. मी तुम्हाला एक वही देतो, ध्येयाची नाही. रात्री झोपताना दोन ओळी: आज माझ्यामुळं कुणाचं काय अडलं नाही, आणि उद्या साडेसहाला मी कुठं आहे. पहिले काही आठवडे पहिली ओळ कोरी राहील किंवा “आईच्या गोळ्या आणल्या” असं काहीतरी येईल. येऊ द्या. ती वही कुणाला दाखवू नका, वाचायलाही सहा महिने उघडू नका. माझ्या जुन्या वह्या मी मध्यंतरी चाळल्या. पहिल्या वर्षात ‘चहा केला’ सव्वीस वेळा आहे, आणि एका पानावर नुसतंच ‘दूध वाचलं’.

गटारी जवळ आली आहे. मित्रांचे फोन येतील, कुणी म्हणेल नुसता येऊन बस, सोडा पी. जाऊ नका. भित्रा म्हणतील, म्हणू द्या. त्या रात्री आमच्या गटात आम्ही मुद्दाम पिठलं-भाकरी करतो, पन्नासएक पानं उठतात, गाणी होतात, आणि दहानंतर भांड्यांचा ढीग पडतो. दरवर्षी घासायला दोन माणसं कमी पडतात. तुमच्या गावातही असं काही असेल. उद्या जाऊन विचारा, त्या दिवशी भांडी कोण घासणार आहे.